गाल बसलेत, बाजी!

नयानगरमधली आमची एक शेजारीण परवा मोबाईल घेऊन आली. तिच्या मुलीचा निकाह जवळ आलाय. स्क्रीनवर कोलॅजन वाढवणाऱ्या इंजेक्शनची जाहिरात होती. म्हणाली, "बाजी, सहा महिन्यांत गाल पार बसले माझे. सगळे आजारी आहेस का विचारतात. हे करणं जायज आहे का?"

मी उर्दू-मराठी शिकवते, फतवे देत नाही. पण या इंजेक्शनची गोष्ट आपल्या मुंबईपासून फार लांबची नाही.

2001 मध्ये मुंबईच्या सिप्लाने, डॉ. युसूफ हमीद यांच्या पुढाकाराने, एचआयव्हीवरची तीन औषधं वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केली. श्रीमंत देशांत तोच खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. या तिघांतलं एक स्टॅव्ह्युडिन. त्याने जीव वाचायचा, पण काही वर्षांत अनेकांच्या गालांची चरबी झडायची. माणूस बरा असायचा, चेहरा मात्र आजाराची चुगली करायचा. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये हे औषध टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं.

अशाच बसलेल्या गालांसाठी अमेरिकेत 2004 मध्ये पॉली-एल-लॅक्टिक अ‍ॅसिडच्या इंजेक्शनला परवानगी मिळाली. त्याचे बारीक कण त्वचेखाली जातात आणि शरीर हळूहळू स्वतःचं कोलॅजन तयार करतं. परिणाम दिसायला महिने लागतात, टिकतो दोनेक वर्षं. 2009 मध्ये ते धडधाकट लोकांच्या सुरकुत्यांसाठीही मंजूर झालं. औषध तेच राहिलं, गिऱ्हाईक बदललं.

हदीसमध्ये हजरत अरफजा यांचा किस्सा आहे. लढाईत त्यांचं नाक गेलं. चांदीचं बसवलं तर दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषितांनी (स.) सोन्याचं बसवायला सांगितलं. एरवी पुरुषांना सोनं मना आहे! गेलेलं परत मिळवणं वेगळं, वय लपवणं वेगळं, हा फरक उलेमाही करतात. म्हणून गाल भरणाऱ्या प्रत्येक बाईला नावं ठेवायला मी तयार नाही. चाळिशीतल्या बाईला तिच्याच चेहऱ्याची भीती घालून धंदा करणाऱ्यांना मात्र ठेवते.

आणि धोका लहान नाही. हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं फिलर बिघडलं तर ते विरघळवणारं औषध आहे, या इंजेक्शनला तसा उतारा नाही. गाठी येऊ शकतात. सुई चुकून रक्तवाहिनीत गेली तर क्वचित दृष्टीही जाते. हे काम त्वचारोगतज्ज्ञाचं किंवा प्लास्टिक सर्जनचं आहे, सवलत देणाऱ्या पार्लरचं नव्हे.

शेजारणीला मी एवढंच म्हटलं, "जायज-नाजायज नंतर बघू. सहा महिन्यांत गाल बसले म्हणतेस ना? आधी साखर आणि थायरॉईड तपासून घे. चेहरा काहीतरी सांगत असेल, तर त्याचं तोंड भरून बंद करू नकोस."

सोमवारी सकाळी उपाशीपोटी आम्ही दोघी लॅबमध्ये जाणार आहोत.