घर-संसार : पहिला स्वेटर स्वत:साठी



नोव्हेंबर लागला की पलंगाखालच्या पत्र्याच्या पेट्या बाहेर निघतात. मुलाचा शाळेचा स्वेटर, धाकटीची कानटोपी, नवऱ्याचा मफलर, सासूबाईंची शाल, सगळे उन्हात पडते. सगळ्यांचे मोजून झाले की ध्यानात येते, घरच्या बाईचे त्या पेटीत काहीच नाही. ती पदर घट्ट लपेटून घेते, फार तर नवऱ्याचा जुना शर्ट साडीवर चढवते आणि पहाटेच्या नळाला उभी राहते. कुणाला पाच वाजता मंडई गाठायची असते, कुणाला झाडू घेऊन रस्त्यावर उतरायचे असते, कुणाची कारखान्यात पहिली पाळी असते. नागपूर-गोंदियाकडे पारा १० अंशांखाली जातो, नाशिककडे निफाडला तर त्याहूनही खाली. ती थंडी काही बाईमाणूस बघून कमी होत नाही.

गंमत अशी की क्रोशाची सुई आपल्यापैकी कितीतरी जणींना येते. दारावरचे तोरण, ताटावरचे रुमाल, टी. व्ही.चे कव्हर आपण याच सुईने केले. टी. व्ही.ला अंगभर कपडा मिळाला, तो करणारी मात्र कुडकुडत राहिली. म्हणून यंदा पहिला स्वेटर स्वत:साठी विणायचा. तो थोड्या पैशांत आणि फावल्या अर्ध्या तासात कसा होतो, ते आज पाहू.

आधी हिशेब

एक गोष्ट सरळ सांगते. थंडीच्या बाजारात लुधियानाचा तयार स्वेटर कधी कधी लोकरीच्या खर्चातच मिळतो. तसा अंगाला बसणारा मिळाला आणि उद्याच हवा असेल, तर खुशाल घ्यावा. पण घरच्या स्वेटरचे फायदे वेगळे आहेत. त्याचे पैसे एकदम द्यावे लागत नाहीत, दर पगाराला दोन-तीन गुंडे आणता येतात. तो साडीवरून बसेल अशा मापाचा होतो. आणि चार वर्षांनी कोपर विरले तर उसवून त्याच लोकरीचा दुसरा करता येतो.

क्रोशाला दोन सुयांच्या विणकामापेक्षा लोकर जास्त लागते, साधारण दीडपटीच्या आत. ३६ इंच छातीच्या बाईला पूर्ण बाह्यांचा, मध्यम जाडीच्या लोकरीचा स्वेटर करायला साधारण ५०० ग्रॅम लोकर धरा. बिनबाह्यांचा केला तर ३५० ग्रॅमच्या आसपास. दुकानदाराला ५० ग्रॅमच्या गुंड्याचा भाव विचारा आणि १० ने गुणा. तेवढाच मुख्य खर्च. सुई एकदाच घ्यायची असते, बटणे जुन्या शर्टाची चालतात.

दुकानात 'लोकर' म्हणून जे स्वस्त मिळते ते बहुतेक ॲक्रिलिक असते. मेंढीची लोकर महाग. खात्री करायची तर वीतभर तुकडा चिमट्यात धरून पेटवा. खऱ्या लोकरीला केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरते. ॲक्रिलिक वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. पहिल्या स्वेटरला ॲक्रिलिक चालते, ते धुवायलाही सोपे. पण हा वितळलेला मणी लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

गुंड्यावरच्या कागदी पट्टीवर रंगाचा नंबर आणि लॉटचा नंबर असतो. रंग तोच असला तरी लॉट बदलला की छटा बदलते. थोडे थोडे विकत घेणाऱ्यांनी यावर आधीच उपाय करावा. पाठ आणि पुढचे भाग एका रंगाचे, बाह्या दुसऱ्या रंगाच्या ठरवा. पहिल्या पगारात पहिला रंग, पुढच्या पगारात दुसरा. मधेच लॉट बदललाच, तर दोन ओळी जुन्या लोकरीच्या, दोन ओळी नव्या लोकरीच्या असे काही इंच विणा, फरक डोळ्यांत येत नाही.

जुना स्वेटर उसवायचा असेल तर

लोकरीचे पैसे वाचवायचे तर घरातला आखूड झालेला स्वेटर उसवा. मात्र कात्री लावण्याआधी तो उलटा करून बाजूची शिवण पाहा. शिवणीला शिंप्याकडच्या इंटरलॉकसारखा दोरा मारलेला असेल, तर तो स्वेटर कापडातून कापून शिवलेला आहे. तो उसवला की प्रत्येक ओळीचा वेगळा तुकडा हातात येतो आणि गाठी मारता मारता जीव जातो. तो तसाच वापरा किंवा कुणाला द्या. कडेचे टाके अखंड असतील तर लोकर सलग निघते.

उसवलेली लोकर खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लड करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात बुडवा आणि दांडीवर वाळत घाला. वळ्या सुटल्या की मग गुंडा करा. न धुता विणले तर टाके वेडेवाकडे येतात.

सुई आणि टाका

तोरणाची बारीक स्टीलची सुई इथे उपयोगाची नाही. मध्यम लोकरीला ४ ते ५ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची सुई घ्या. क्रोशाचा मोठा गुण असा की सुईवर एका वेळी एकच फास उरतो. मूल रडले, कुकरची शिट्टी झाली, तर सुई काढून तो फास जरा ओढून ठेवायचा आणि उठायचे. काम सुटत नाही, पिशवीत घालून बसमध्येही नेता येते.

सगळ्या स्वेटरला एकच टाका पुरतो, तो म्हणजे अर्धा खांब. सुईवर लोकरीचा एक वेढा घ्या, सुई खालच्या टाक्यात घाला, लोकर ओढून वर आणा. सुईवर तीन फास होतील. पुन्हा लोकर घेऊन तिन्हीतून एकदम ओढा. हा टाका मुक्या खांबापेक्षा लवकर वाढतो आणि पूर्ण खांबाइतका जाळीदार होत नाही, त्यामुळे वारा लागत नाही.

मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. इंग्रज ज्याला 'डबल क्रोशे' म्हणतात तो आपला मुका खांब. अमेरिकन लोक 'डबल क्रोशे' म्हणतात तो आपला खांब. नावावर जाऊ नका, हात पाहा.

माप आणि तुकडे

आधी सहा इंचांचा चौकोन विणा. त्याच्या मधोमध टेप धरून चार इंचांत किती टाके आणि किती ओळी बसतात ते मोजा. समजा १४ टाके आणि १० ओळी भरल्या. म्हणजे एका इंचाला साडेतीन टाके आणि अडीच ओळी. आता साडी-ब्लाउजवरून छातीचे माप घ्या आणि त्यात चार इंच सैल सोडा. माप ३६ असेल तर ४० इंच. त्यातली निम्मी, म्हणजे २० इंच, पाठ. २० गुणिले साडेतीन, म्हणजे ७० टाके. तुमचा हात सैल किंवा घट्ट असेल तर आकडे बदलतील, रीत हीच.

स्वेटर समोरून उघडा करा. साडीवर घालायला सोपा पडतो, अंगावर पाजणाऱ्या आईलाही सोयीचा, आणि गळा कापण्याची भानगड राहत नाही. तुकडे पाच.

पाठ : ७२ साखळ्या घाला. शेवटच्या दोन वळणाच्या, त्या टाक्यात मोजायच्या नाहीत. तिसऱ्या साखळीपासून ७० अर्धे खांब. दर ओळीच्या शेवटी दोन साखळ्या घालून काम वळवा. २२ इंच, म्हणजे ५५ ओळी.

पुढचे दोन भाग : प्रत्येकी ३५ टाके, लांबी पाठीइतकीच.

बाह्या : मनगटाकडून ३६ टाक्यांनी सुरू करा. दर चौथ्या ओळीला दोन्ही कडांना एकेका घरात दोन टाके घाला. ४० ओळींत १० वेळा वाढवले की ५६ टाके होतात, म्हणजे १६ इंच रुंदी आणि १६ इंच लांबी.

दर ओळीला टाके मोजाच. नवशिक्या हाताकडून शेवटचा टाका हमखास सुटतो आणि चौकोनाचा त्रिकोण होऊ लागतो. दहाव्या ओळीला कळण्यापेक्षा पहिल्या ओळीला कळलेले बरे.

पाठीचा पहिला ५० ग्रॅमचा गुंडा संपला की थांबा आणि किती इंच झाले ते मोजा. सात इंच झाले असतील तर पाठीला तीन गुंडे आणि थोडी वरची लोकर, पुढच्या दोन भागांना मिळून तेवढीच, दोन्ही बाह्यांना मिळून तीन गुंडे. काठ धरून दहात बसते. अंदाजाने बारा गुंडे आणून दोन पेटीत पडण्यापेक्षा हा हिशेब चांगला.

जोडणी

पाठ पसरा, तिच्यावर पुढचे भाग ठेवा. दोन्ही खांद्यांना बाहेरून १८-१८ टाके जोडा. पाठीचे मधले ३४ टाके गळ्याचे. पुढच्या भागांचे उरलेले १७-१७ टाके बाहेर दुमडले की आपोआप कॉलर होते. खांद्याच्या शिवणीपासून दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच मोजून बाही लावा, मग काखेपासून खाली बाजू शिवा. शेवटी समोरच्या कडांना आणि गळ्याला मुक्या खांबाची एक फेरी घाला. तीच फेरी घालताना एका कडेला पाच-पाच साखळ्यांचे फास ठेवा, समोर बटणे टाका.

धुताना पिळू नका, दाबून पाणी काढा. दांडीवर टांगला तर ओल्या वजनाने लांबतो, म्हणून चटईवर किंवा खाटेवर पसरून वाळवा. ॲक्रिलिकवर इस्त्री फिरवू नका. आणि आता तो वितळलेला मणी आठवा. ॲक्रिलिक पेट घेते आणि वितळून कातडीला चिकटते. चुलीपाशी, गॅसपाशी, शेकोटीपाशी बसताना हा स्वेटर काढून ठेवा. बाही मनगटाशी अरुंद ठेवायला सांगितली तीही याचसाठी.

हाताची किंमत

आता एक शेवटचा हिशेब. वरच्या मापाच्या स्वेटरला जवळजवळ ११,४०० टाके पडतात. नवा हात मिनिटाला दहा टाके घालतो असे धरले तर १९ तास. रोज अर्धा तास दिला तर ३८ दिवस, जोडणी-धुणी धरून पावणेदोन महिने. वर्षावास सुरू झाला तेव्हा पहिली साखळी घातली, तर अश्विन पौर्णिमेच्या आत स्वेटर तयार असतो. आता सुरू केला तरी कडाक्याच्या थंडीला अंगावर येतो.

हा १९ तासांचा आकडा मुद्दाम सांगितला. आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर नावाचे गाव आहे. तिथल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या हजारो बाया क्रोशाची लेस विणत आल्या, ती परदेशी जात आली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथे जाऊन अभ्यास केला आणि १९८२ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यांना दिसले ते असे : बाया दिवसाचे कितीतरी तास विणत होत्या, पण त्यांना कामगार कुणी म्हणत नव्हते. 'घरच्या बाया, फावल्या वेळात विणतात' असे म्हटले की मजुरी शेतमजुरीच्याही खाली ठेवता येत होती. पैसा व्यापाऱ्यांच्या घरी गेला.

तुमचा स्वेटर पाहून शेजारीण म्हणेलच, "ताई, लोकर आणून देते, मलाही एक करून द्या ना." मैत्रिणीला प्रेमाने करून द्यावा, त्यात वाईट काही नाही. पण दुकानदार किंवा ओळखीचे कुणी चार स्वेटर सांगायला आले, तर लोकरीच्या बिलाखाली १९ तास लिहा आणि आपल्या भागात तासाला जी मजुरी मिळते तिने गुणा. आकडा मोठा वाटला तर तो त्यांना मोठा वाटू द्या. पटले नाही तर नाही म्हणा. 'बसल्या बसल्या तर करतेस' हे शब्द ऐकून भाव कमी करू नका. बसल्या बसल्या तर कारकूनही काम करतो.

आणि घरातूनच कुणी म्हणाले, आधी बाळ्याचा कर, मग तुझा, तर हसून सांगा की बाळ्याचा दुसरा. पहिल्या स्वेटरवर हात बसतो, चुकेल ते आपल्या अंगावर चुकेल, त्याचा मग नीट होईल. हे कारण सगळ्यांना पटते. खरे कारण तुम्हाला ठाऊक आहे. पहाटेच्या नळावर घरातून सर्वांत आधी जी उभी राहते, तिला आधी ऊब मिळायला हवी.

शेजारच्या दोघी-तिघी मिळून रविवारी दुपारी विहारात किंवा ओट्यावर बसा. एकीला टाका येतो, दुसरीला गुणाकार येतो, तिसरीकडे टेप असतो. मुलींनाही जवळ बसवा. आईने स्वत:साठी काही केलेले त्यांनी पाहिले पाहिजे.