‘पुढचा नंबर माझा का?’ : हृदयविकार आणि आपली जनुके

चाळिशीही न गाठलेला एक रिक्षाचालक भाईंदर पूर्वेहून पहाटे आमच्याकडे आला. छातीत कळ, दरदरून घाम. ईसीजीमध्ये मोठा हार्ट अटॅक स्पष्ट दिसत होता. वेळेत पोहोचला म्हणून वाचला. तिसऱ्या दिवशी राउंडच्या वेळी त्याचा एकतीस वर्षांचा धाकटा भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘डॉक्टर, वडील सेहेचाळिसाव्या वर्षी असेच गेले. आता दादा. म्हणजे पुढचा नंबर माझा का? मोबाइलवर जाहिरात येते, थुंकी पाठवली की जीन्स तपासून देतात. करून घेऊ?’’ मी विचारले, ‘‘कोलेस्टेरॉल कधी तपासलंस?’’ कधीच नाही.

हा प्रश्न आता वरचेवर येतो. २ जुलै २०२५ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तरुणांच्या अचानक मृत्यूंबाबत निवेदन काढले. कोविड लसीशी त्यांचा संबंध नाही, असे त्यात म्हटले होते. त्याचबरोबर दिल्लीच्या एम्समधील अभ्यासाच्या प्राथमिक विश्लेषणाचा हवाला होता : या वयातल्या अचानक मृत्यूंचे मुख्य कारण हार्ट अटॅकच आहे आणि ज्या मृत्यूंचे कारण सापडत नाही, त्यांपैकी बहुतेकांत जनुकीय बदल हे संभाव्य कारण दिसते. सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यातला एकच शब्द उरला, ‘जनुकीय’. लोकांनी त्याचा अर्थ लावला, ‘नशिबात असेल तर होणारच.’ हा अर्थ चुकीचा आहे.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. ज्या मृत्यूंचे कारण शवविच्छेदनातही सापडत नाही, तिथे हृदयाच्या विजेच्या यंत्रणेतील किंवा स्नायूंतील एखादा जन्मजात दोष असू शकतो. असे दोष बहुधा एकाच जनुकातल्या बदलाने होतात. आमच्या वॉर्डात रोज येणारा हार्ट अटॅक वेगळा. तो हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत चरबीचा थर साचून, त्यावर गुठळी बसून होतो. त्यात शेकडो जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो आणि तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर यांचा मोठा.

मग जनुकांच्या अभ्यासाचा उपयोग काय? खरे कारण कोणते आणि नुसते सोबत हिंडणारे कोणते, हे त्यातून ओळखता येते. हृदयरोग्यांच्या रक्तात अनेक गोष्टी कमीजास्त असतात, पण त्यांतली प्रत्येक गोष्ट गुन्हेगार नसते. आईवडिलांकडून कोणते जनुक मुलाला मिळेल हे गर्भधारणेच्या वेळी सोडतीसारखे ठरते. मूल पुढे सिगारेट ओढेल की योगासने करेल, याच्याशी त्या सोडतीचा संबंध नसतो. त्यामुळे एखाद्या जनुकामुळे जन्मापासून रक्तातला एकच घटक कमी असेल आणि अशा माणसांना अटॅकही कमी येत असतील, तर तो घटक खरे कारण आहे असे मानायला बळ मिळते. निसर्गानेच लावलेला हा प्रयोग.

या कसोटीवर ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, पक्के दोषी ठरले. पीसीएसके-९ या जनुकातील बदलामुळे एलडीएल फार वाढलेली फ्रेंच कुटुंबे २००३ मध्ये सापडली. अमेरिकेत टेक्सासच्या हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी उलटा प्रश्न विचारला : हे जनुक बंदच पडले तर? २००६ मध्ये त्यांचे उत्तर प्रसिद्ध झाले. पंधरा वर्षे पाहणी केलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकनांपैकी सुमारे अडीच टक्के लोकांत ते बंद होते. त्यांचे एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्के कमी, पण हृदयविकार तब्बल ८८ टक्के कमी. उतारवयात गोळ्यांनी एलडीएल तेवढेच उतरवले तर एवढा फायदा मिळत नाही. म्हणजे एलडीएल किती आहे याइतकेच ते किती वर्षे तसे राहिले, हेही महत्त्वाचे. याच शोधातून पीसीएसके-९ रोखणारी इंजेक्शने निघाली. २०१५ मध्ये त्यांना मान्यता मिळाली.

‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलचे, एचडीएलचे, उलटे झाले. ते वाढवणारे टॉर्सेट्रॅपिब हे औषध घेणाऱ्यांत मृत्यू वाढल्याने २००६ मध्ये त्याची चाचणी थांबवावी लागली. २०१२ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून असे दिसले की जन्मतःच एचडीएल जास्त असलेल्यांना त्यामुळे अटॅक कमी येतात असे नाही. हा अभ्यास आधी झाला असता तर कदाचित काही जीव वाचले असते. ‘माझे एचडीएल चांगले आहे’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता आपल्याकडे येऊ. हैदराबादच्या सीसीएमबीतील शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये दाखवले की दक्षिण आशियातील शंभरांपैकी सुमारे चौघांच्या हृदयस्नायूशी संबंधित एका जनुकात २५ अक्षरांचा तुकडा गळालेला असतो आणि त्याचा हृदय निकामी होण्याशी संबंध आहे. २०१८ मधील संशोधनात दिसले की हा तुकडा नसलेल्या सगळ्यांनाच सारखा धोका नाही. त्याच जनुकात आणखी एक बदल सोबत असलेल्या थोड्या लोकांत धोका विशेष दिसतो. जनुकात बदल सापडला म्हणजे आजार झाला, असे नसते.

इथेच थुंकीच्या चाचणीची अडचण आहे. शेकडो जनुके मिळून धोक्याचा जो आकडा काढतात, त्यामागची माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. आमच्या ओपीडीच्या रांगेत उत्तनचा मच्छीमार, मारवाडी दुकानदार, कोकणातून आलेले कुटुंब आणि जौनपूरचा मजूर एकामागे एक उभे असतात. पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्ने झाल्याने यांची जनुकीय ठेवणही वेगवेगळी. जिनोम इंडिया प्रकल्पातील दहा हजार भारतीयांची जनुकीय माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. सुरुवात चांगली आहे, पण त्या माहितीला हजारो लोकांच्या आजारांच्या दीर्घ नोंदींची जोड हवी. त्या नोंदी सरकारी रुग्णालयांतूनच येऊ शकतात आणि आमचे केसपेपर आजही गठ्ठ्यात बांधले जातात.

शिवाय सगळेच जनुकांवर ढकलता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळे तपासली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. तरीही आपल्या किडकिडीत बाळांत चरबीचे प्रमाण त्या मानाने जास्त. या घडणीत आईच्या पोषणाचाही वाटा असतो. २००४ च्या ५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने तर दाखवले की अटॅकचा बहुतांश धोका तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉलचे प्रमाण अशा नऊ घटकांतून येतो. दक्षिण आशियाई माणसाला पहिला अटॅक इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो, तेही मुख्यतः याच घटकांमुळे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जनुकीय धोका जास्त असलेल्यांतही चांगली राहणी असणाऱ्यांचा धोका जवळपास निम्मा होता.

म्हणून ज्यांच्या घरात वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत अटॅक आला आहे, त्यांनी लिपिड प्रोफाइल आजच करावे. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये सांगितले की पहिली तपासणी अठराव्या वर्षी व्हावी, घरात इतिहास असेल तर त्याआधीही. आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन (ए) तपासावे. ते मुख्यतः जनुकांवरच ठरते आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये दिसत नाही. एलडीएल १९० च्या वर असेल, तर आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाढीची शंका घ्यावी. अशा माणसाच्या प्रत्येक मुलाला हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. अशा वेळी जनुकीय चाचणी कामाची ठरते, पण डॉक्टरांच्या सल्ल्याने. आणि घरात कोणी तरुण अचानक, कारण न कळता गेला असेल, तर भावंडांनी ईसीजी आणि टूडी इको करून घ्यावे.

त्या धाकट्या भावाचे एलडीएल २१२ निघाले. थुंकीची चाचणी न करता त्याने ॲटोर्वास्टॅटिनची गोळी सुरू केली, ती आमच्या खिडकीवर मोफत मिळते. तंबाखूची पुडी सुटायला वेळ लागतो आहे. पुढच्या खेपेला मी त्याला बहिणीला आणि दादाच्या अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन यायला सांगितले आहे. त्या मुलाचे रक्त आज तपासले, तर गरज पडल्यास उपाय करायला आपल्या हातात कितीतरी वर्षे असतील. त्याच्या आजोबांना ती मिळाली नाहीत.