फाडलेल्या तिकिटाची किंमत

मुंबईच्या वानखेडे मैदानाच्या मुळाशी तिकिटांचा वाद आहे, हे नव्या पिढीतील अनेकांस ठाऊक नसते. १९३७ साली उभे राहिलेले ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे. तेथील सामन्यांची किती तिकिटे मुंबईच्या क्रिकेट संघटनेस मिळावीत यावरून दोन्ही संस्थांचे बिनसले आणि संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी जवळच स्वतंत्र मैदान उभारले. जानेवारी १९७५ मध्ये तेथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइडने त्या सामन्यात नाबाद २४२ धावा केल्या.

ज्या कागदासाठी एवढे रामायण घडले, तो सामना संपताच बहुतेकजण फेकून देतात. प्रवेशद्वारावर एक भाग फाडून घेतल्यावर हाती उरणारा तुकडा म्हणजे आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत स्थळप्रतच! अमेरिकेत बेसबॉलचे असे तुकडे जपण्याचा छंद जुना आहे. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिन डॉजर्सकडून प्रथम मैदानात उतरला. त्या सामन्याचा एक तुकडा २०२२ साली लिलावात ४ लाख ८० हजार डॉलरला विकला गेला. अशा आकड्यांनी व्यापारी मनाने हुरळून जाऊ नये. आपल्या घरातील तुकड्यांना बाजारभाव बहुधा नसतोच.

डोळखांबच्या एका धान्य व्यापाऱ्यांच्या निधनानंतर त्यांचे जुने कागद लावून देण्यास मी गेलो होतो. रोजमेळाच्या एका वहीत ५ नोव्हेंबर १९८७ चा तुकडा मिळाला. विश्वचषकाचा उपांत्य सामना, भारत विरुद्ध इंग्लंड. गूचने ११५ धावा केल्या, आपण ३५ धावांनी हरलो. गावसकर अवघ्या ४ धावांवर त्रिफळाचीत झाले आणि तीच त्यांची अखेरची आंतरराष्ट्रीय खेळी ठरली. तुकड्याच्या पाठीवर पेन्सिलीने खर्च मांडलेला होता: आसनगावपर्यंत एसटी, पुढे लोकल, बटाटेवडे, सर्व दोन माणसांचे. दुसरा माणूस कोण, हे मुलास सांगता येईना. आतून त्याच्या आईने उत्तर दिले, "तुझे काका."

दुकानाच्या वाटणीनंतर दोन्ही घरांचे बोलणे बंद होते. मुलाने तो तुकडा रद्दीतून बाजूला ठेवला आणि दुसऱ्या दिवशी काकांना दाखवून आणला. काकांनी धावसंख्या तोंडपाठ सांगितली, असे तो म्हणाला. पुढे काय झाले ते मी विचारले नाही.

खर्च लिहिला, पण सोबत्याचे नाव लिहिले नाही, ही आपली जुनी सवय. आपल्या घरी असे तुकडे असतील, मग ते २ एप्रिल २०११ च्या अंतिम सामन्याचे असोत वा शाळेच्या सहलीचे, तर साध्या कागदी पाकिटात ठेवावेत आणि पाकिटावर तारीख, सोबत कोण होते व कोठे बसला होतात हे पेन्सिलीने लिहावे. चिकटपट्टी लावू नये. तिचा डाग जात नाही. अलीकडील पुष्कळ तिकिटे यंत्रातून उष्णतेने छापून येतात. त्यांवरील अक्षरे काही वर्षांत पुसट होतात, म्हणून त्यांची छायाप्रत आजच काढावी. आणि अशा तिकिटाचे लॅमिनेशन तर मुळीच करू नये, त्या उष्णतेने सारा कागद काळा पडतो.