फेटा सभेत, रस्त्यावर हेल्मेट

१४ एप्रिलच्या स्कूटर रॅलीसाठी आपली मुलं मित्रांबरोबर तालुक्याहून जिल्ह्याच्या गावाला निघतात. डोक्यावर निळा फेटा, हेल्मेट घरी खुंटीला. फेटा अभिमानाचा, पण पडल्यावर तो कवटी वाचवत नाही. आयएसआय शिक्क्याचं, हनुवटीखाली पट्टा लावलेलं हेल्मेट वाचवतं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ते मागे बसणाऱ्यालाही सक्तीचं आहे. निळाच रंग हवा तर निळं हेल्मेट घ्या. फेटा सभेत बांधा. स्कूटरवर दोघंच बसा. एप्रिलचं ऊन असतं. पाणी सोबत ठेवा, सावलीत थांबत जा. परतताना झोप आली तर तिथेच मुक्काम करा. कमावत्या मुलाचं डोकं फुटलं की अख्खं घर कर्जात बुडतं. आयांनो, गाडीची किल्ली देताना हेल्मेटही हातात द्या.