गल्ल्यावरचा संगणक सांभाळा

२०१३ मध्ये अमेरिकेतील ‘टार्गेट’ या दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. चोर शिरले ते वातानुकूलन यंत्रणेचे काम करणाऱ्या कंत्राटदाराचा पासवर्ड चोरून. छोट्या दुकानांत तर बिलिंग, ईमेल आणि सिनेमे अनेकदा एकाच संगणकावर चालतात. दुरुस्तीवाल्याने टाकलेले रिमोट अ‍ॅपही तसेच राहते. ऑनलाइन व्यवहारांत कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवण्यास रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्यांना मनाई केली. मग तो वहीत किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर तरी कशाला हवा? बिलिंगचा संगणक वेगळा ठेवणे, अपडेट टाळू नये, पासवर्ड बदलणे, एवढे तरी व्हावे. ग्राहक कार्ड देतो ते विश्वासावर. तो गेला की गिऱ्हाईकही गेले.