रंकाळ्याला दुपारचा दाखला नको

जून 2020 मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि सगळी यंत्रणा खडबडून कामाला लागली. फोटो देशभर फिरले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दखल घेतली. नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांच्याकडे नमुने गेले. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी हा रंग आणला, असा उलगडाही झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. मनावर घेतलं तर आपल्याकडे पाणी तपासता येतं, वेळेत तपासता येतं आणि त्याचा अर्थ लोकांना सांगताही येतो, हे त्या उन्हाळ्यात दिसलं.

हिरव्या पाण्याच्या वाट्याला मात्र ही उत्सुकता येत नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरातला तलाव घ्या, वर्षातले काही महिने तरी तो हिरवा असतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. कोल्हापूरचा रंकाळा हे त्याचं बोलकं उदाहरण. पाहुणा आला की अंबाबाईचं दर्शन आणि संध्याकाळी रंकाळा, हा तिथला रिवाज. चौपाटीवरची भेळ, काठावरचा शालिनी पॅलेस, पाणी उतरलं की उघडा पडणारा संध्यामठ, असं सगळं दाखवून होतं. पण वारा फिरून पाण्यावरचा वास अंगावर आला की यजमान पाहुण्याला हळूच पुढे चालवतो.

रंकाळ्यासाठी काही झालंच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. केंद्राच्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत पवई आणि सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाबरोबर रंकाळ्याचं नाव होतं. जलपर्णी काढण्याच्या मोहिमा झाल्या, त्यात कोल्हापूरकर स्वतः पाण्यात उतरले. शाम सोसायटी आणि देशमुख हॉलकडून येणारे नाले वळवण्याची कामं झाली. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंतही गेलं. तरीही पाणी हिरवं व्हायचं थांबलं नाही. जलपर्णी गेली आणि तिच्या जागी नीलहरित शेवाळ आलं. यात नवल काही नाही. नाल्याच्या पाण्यातून येणारा फॉस्फरस आणि नत्र हे दोघांचंही खाद्य. एक खाणारा हटवला की ताटावर दुसरा बसतो.

मग तपासणीत हे दिसत नाही का? इथेच खरी मेख आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार अंघोळीच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान 5 मिलिग्रॅम हवा आणि जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे बीओडी, 3 मिलिग्रॅमच्या वर नको. आता शेवाळानं भरलेल्या तलावात दिवसभर काय चालतं ते पाहा. ऊन चढलं की शेवाळ प्राणवायू सोडू लागतं. दुपारी दोन वाजता वरच्या थरात प्राणवायू 5 काय, 10-12 मिलिग्रॅमही भरतो. सूर्य मावळला की प्राणवायू बनणं थांबतं, पण शेवाळ, जिवाणू, मासे आणि तळातला गाळ असे सगळे प्राणवायू ओढत राहतात. पहाटे तो नीचांकाला पोचतो. ढगाळ दिवसानंतर किंवा वळवाचा पाऊस रस्त्यावरची घाण आत घेऊन आला की हा नीचांक शून्याजवळ जातो आणि सकाळी फिरायला आलेल्या लोकांना काठाशी पांढऱ्या पोटांचा खच दिसतो. बंगळूरच्या अलसूर तलावात मार्च 2016 मध्ये हजारो मासे असे तरंगताना दिसले होते.

कार्यालयीन वेळेत, भर उन्हात, घाटाच्या पायरीवरून वरचं पाणी भरून घेतलं, तर आजारी तलाव प्राणवायूच्या परीक्षेत विशेष प्रावीण्यानं पास होतो. आकडा खोटा नसतो. वेळ चुकीची असते. महिन्यातून एकदा नमुना घेतला तर वर्षाचे झाले बारा, तेही बहुधा तलावाच्या एका सोयीच्या जागेवरून. त्यांची सरासरी काढून अहवाल तयार होतो, आणि घाण आत येते त्या नाल्याच्या तोंडाचा आकडा त्यात नसतो. सांडपाण्याचा पंप रात्री बंद पडला, मैलापाणी चार तास तलावात गेलं आणि सकाळी पंप पुन्हा सुरू झाला, तर ही गोष्ट अशा कुठल्याच अहवालात उमटणार नाही.

म्हणून तलावाची तपासणी रोज तिथे जाणाऱ्या माणसांच्या हाती दिली पाहिजे. प्रयोगशाळेचं काम प्रयोगशाळेनंच करावं, पण पाण्यावर डोळा ठेवायचं काम पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर चालायला येणाऱ्यांइतकं चांगलं दुसरं कोण करू शकेल?

त्याला लागणारी साधनं फार नाहीत. 1865 मध्ये अँजेलो सेक्की या इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञानं समुद्राच्या पाण्याची पारदर्शकता मोजायला एक चकती वापरली. आज तलावांसाठी वापरतात ती 20 सेंटिमीटर व्यासाची, चार भागांत आलटून पालटून काळी-पांढरी रंगवलेली असते. खाली वजन आणि वर खुणा केलेली दोरी. होडीच्या सावलीच्या बाजूनं ती हळूहळू सोडायची. दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण बघायची, थोडी आणखी सोडून वर ओढायची आणि पुन्हा दिसू लागली की परत खूण बघायची. दोन्हींची सरासरी म्हणजे त्या दिवसाची पारदर्शकता. हे काम मात्र पहाटेचं नाही, ऊन चांगलं वर आल्यावरचं. जुनी स्टीलची ताटली, ऑइलपेंटचे दोन डबे आणि एखाद्या होडीवाल्याची मदत, एवढ्यावर भागतं. आठवड्याला एक नोंद याप्रमाणे दोन-तीन वर्षांची वही तयार झाली की तलाव सुधारतोय की बिघडतोय, यावर सभागृहात भाषणं करण्याची गरज उरत नाही.

प्राणवायूसाठी 1888 पासून वापरात असलेली विंकलरची रीत आजही शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांत आहे. बाटली बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरायची, त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइडचं द्रावण घालून बूच लावायचं आणि उलटसुलट हलवायचं. तपकिरी साका बसला तर पाण्यात प्राणवायू आहे. साका पांढराच राहिला तर नाही. नेमका आकडा पुढच्या टायट्रेशनमध्ये मिळतो, पण पहाटेच्या अंधारात मोबाइलच्या उजेडात दिसलेला तो पांढरा साका पाहायला एखाद्या नगरसेवकाला एकदा तरी बोलवावं. तीस पानी अहवालानं होत नाही ते काम तो करील.

मैलापाण्याचा माग काढायचा तर आणखी सोपी वस्तू आपल्याच देशात तयार झाली आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 1982 मध्ये हायड्रोजन सल्फाइड बनवणाऱ्या जिवाणूंवर आधारलेली एक बाटली-चाचणी मांडली. पाणी भरून ठेवायचं आणि दिवसा-दोन दिवसांत ते काळं पडलं तर त्यात विष्ठेतून आलेली घाण असण्याचा दाट संशय घ्यायचा. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या किमान पाच बायकांना नळाचं पाणी तपासण्याचं प्रशिक्षण द्यावं असं ठरलेलं आहे. खेड्यातल्या पाच जणी संच उघडून क्लोरीन आणि नायट्रेट मोजू शकतात आणि पदवीधरांनी भरलेल्या शहराला आपल्या तलावाची बाटली काळी पडते का हे पाहता येऊ नये, हे पटणारं नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो: हौशी माणसांच्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा? प्रश्न रास्त आहे. न्यायालयात टिकणारा नमुना कसा घ्यायचा याची रीत 1974 च्या जलप्रदूषण कायद्यातच घालून दिली आहे. समोरच्या पक्षाला नोटीस, त्याच्या देखत नमुना, त्याचे दोन भाग, दोन्हींवर मोहोर. ते काम प्रदूषण नियंत्रण मंडळाचं आहे आणि मंडळानंच करावं. नागरिकांच्या नोंदींचा उपयोग वेगळा. मंडळाच्या माणसानं कुठे, कधी आणि किती वाजता यायचं, ते त्या नोंदी सांगतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात 1973 पासून तलावाकाठचे रहिवासी सेक्की चकतीच्या नोंदी देतात आणि सरकारी यंत्रणा त्या वापरते. तिथे हे हौसेचं काम मानून कुणी बाजूला ठेवत नाही.

सातत्यानं ठेवलेली वही काय करू शकते, हे सिएटल शहरानं दाखवलं. तिथल्या लेक वॉशिंग्टनमध्ये आजूबाजूच्या गावांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी सोडलं जात होतं. 1955 मध्ये विद्यापीठातल्या एडमंडसन या संशोधकाच्या गटाला पाण्यात एक विशिष्ट शेवाळ सापडलं. युरोपातल्या तलावांच्या जुन्या नोंदी त्यांच्यासमोर होत्या, त्यामुळे पुढे काय होणार हे त्यांनी आधीच सांगितलं. सांडपाण्याच्या योजनेवर मार्च 1958 मध्ये मतदान झालं, लोकांनी ती नाकारली. सप्टेंबरमध्ये पुन्हा मतदान झालं आणि ती मंजूर झाली. 1963 ते 1968 दरम्यान सगळं सांडपाणी तलावापासून वळवलं. 1964 मध्ये पाण्यात एक मीटरही खाली दिसत नव्हतं. सांडपाणी थांबल्यावर काही वर्षांतच ही पारदर्शकता कितीतरी पटींनी वाढली. कारंजी बसवून हे झालं नाही. आधी मोजलं, मग कारण ठरलं, मग पैसा त्या कारणावर गेला.

आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा असतो. सर्वात आधी सुशोभीकरण. दिव्यांची माळ, फरसबंद पदपथ, सेल्फी पॉइंट आणि पाण्याच्या मधोमध रंगीत कारंजं. कारंज्यामुळे पाण्यात हवा मिसळते, हे त्याचं नेहमीचं समर्थन. मिसळतेही, पण वरच्या हातभर थरात आणि तेही कारंजं चालू असेल तेवढा वेळ. नैनितालमध्ये 2007 पासून तळाशी हवा सोडण्याची व्यवस्था आहे. ती वेगळी गोष्ट, कारण दम तळाचा कोंडतो. तळातल्या गाळात वर्षानुवर्षं साठलेला फॉस्फरस प्राणवायू संपला की पुन्हा पाण्यात सुटतो. सगळे नाले आज बंद केले तरी तलाव पुढची काही वर्षं आतल्या आत हिरवा होत राहतो तो यामुळे. ही गोष्ट कुणी समजावून सांगत नाही, म्हणून नाला वळवल्यावर वर्षभरात पाणी सुधारलं नाही की लोक म्हणतात, सगळे पैसे खाल्ले. काही वेळा ते खरं असतंही. पण गाळाचे नमुने घेतलेलेच नसतील तर खरं-खोटं करणार कसं?

गणेश विसर्जनाच्या बाबतीत कोल्हापूरनं चांगला पायंडा पाडला आहे. मूर्तिदान, निर्माल्याचे वेगळे कुंड, रंकाळ्याशेजारच्या इराणी खणीत विसर्जन, यासाठी कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या. त्याचं मोल कमी नाही. मात्र त्या दिवसांत सगळे कॅमेरे घाटावर असतात आणि एकदा उत्सव संपला की पाण्याचा विषयही संपतो. नाला 365 दिवस वाहतो. त्याला मिरवणूक नसते, त्यामुळे बातमीही नसते.

कायद्याची बाजूही पाहायला हवी. 2017 च्या पाणथळ जागांच्या नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी किंवा करमणुकीसाठी माणसानं बांधलेले जलसाठे वगळले आहेत. महाराष्ट्रातले बहुतेक तलाव माणसानंच बांधलेले, त्यामुळे त्या छत्राखाली फार थोडे येतात. पण जलप्रदूषण कायद्यात असा भेद नाही. नैसर्गिक असो की कृत्रिम, कुठल्याही अंतर्गत जलाशयात जाणूनबुजून घाण सोडायला त्यात मनाई आहे. तो कायदा पन्नास वर्षांचा झाला. वापरणारे हवेत, आणि त्यांच्या हाती तारीखवार नोंदी हव्यात.

तेव्हा महापालिकेकडे मागायचं ते फार मोठं नाही. प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी आणि तलावाच्या मध्यभागी ठरलेल्या जागा असाव्यात, तिथे आठवड्यातून एकदा पहाटे प्राणवायू मोजला जावा आणि तो आकडा चोवीस तासांच्या आत रंकाळा टॉवरजवळच्या फलकावर मराठीत लागावा. बीओडीचा निकाल यायला आपल्या मानकाप्रमाणे 27 अंशांवर तीन दिवस लागतात, तो चौथ्या दिवशी लागावा. आकडा वाईट असला तरी लागावा. सांडपाण्याचा पंप किती वाजता बंद पडला आणि किती वाजता सुरू झाला, तेही त्याच फलकावर असावं. शहरात विद्यापीठ आहे, रसायनशास्त्र शिकवणारी महाविद्यालयं आहेत, त्यामुळे माणसं शोधायला लांब जावं लागणार नाही. आणि जोवर वर्षभराच्या नोंदी हाती येत नाहीत, तोवर सुशोभीकरणाच्या एकाही नव्या कामाला मंजुरी मिळू नये.

रंकाळ्यावर रोज चालायला येणाऱ्यांत निवृत्त प्राध्यापक आहेत, डॉक्टर आहेत, वकील आहेत. त्यांनी एवढं एक निवेदन लिहावं, शंभर सह्या घ्याव्यात आणि आयुक्तांच्या हाती देऊन त्याची पोच घ्यावी. उत्तर येईपर्यंत ताटली रंगवून घ्यायला हरकत नाही.