मला काही प्रॉब्लेम नाही, पण...

आपल्यापैकी प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी तो फोन केलेला असतो. "हॅलो, वन बीएचकेची अ‍ॅड बघितली..." की लगेच ब्रोकर प्रश्नपत्रिका काढतो. फॅमिली की बॅचलर? व्हेज की नॉनव्हेज? कंपनी कुठली? पार्टी-बिर्टी करत नाही ना? आपण निमूटपणे उत्तरं देतो, वर प्रत्येक वाक्याला 'सर' लावतो. नोकरीच्या इंटरव्ह्यूलाही एवढा घाम फुटलेला नसतो.

माझ्या टीममधला एक मित्र यंदा दोन महिने ही परीक्षा देत होता. वय २९, पगार व्यवस्थित, बोली अस्सल सोलापुरी. दारू नाही, सिगरेट नाही, रात्री साडेदहाला झोपणार. म्हणजे तसा बोअरच! घरमालकांच्या स्वप्नातला भाडेकरू. ब्रोकर खूश होऊन "कधी बघायला येताय?" पर्यंत पोचायचा. मग विचारायचा, "नाव काय म्हणालात?" हा नाव सांगायचा. मुसलमान नाव. पलीकडे दोन सेकंद शांतता आणि मग, "दहा मिनिटांत कॉल करतो सर." त्यातल्या कित्येकांची दहा मिनिटं अजून संपलेली नाहीत.

आम्ही आयटीवाले, त्यामुळे पठ्ठ्याने एक्सेल शीट बनवली होती. एरिया, भाडं, डिपॉझिट, ब्रोकर आणि शेवटचा कॉलम 'कारण'. 'ओनरचा भाऊ येणार आहे.' 'आत्ताच गेला.' 'फक्त फॅमिली.' 'सोसायटी अलाउ करत नाही.' लंच टेबलवर आम्ही ती शीट वाचून जाम हसलो. तोही हसत होता. मग मी सातव्या ओळीवर आलो आणि माझा घास अडकला. वाकड, बी विंग. बिल्डिंग माझी. विंगही माझीच.

फ्लॅशबॅक

वाकडच्या त्या बिल्डिंगमध्ये माझा वन बीएचके आहे. बाबांच्या आजारपणामुळे मी कोथरूडला आई-बाबांकडे राहायला आलो आणि गेल्या वर्षी फ्लॅट भाड्याने द्यायचं ठरवलं. एका दुपारी ब्रोकरचा फोन आला. मीटिंगला जायची घाई होती. "सर, पार्टी एकदम चांगली आहे. दोघंही नोकरीवाले. फक्त ते... आपल्यातले नाहीत. चालेल का?"

मी काय म्हणालो माहितीये? "मला काही प्रॉब्लेम नाही, पण सोसायटीला विचारून बघा."

बस्स. मी नाही म्हटलंच नव्हतं! मी सेक्युलर, मी मॉडर्न, माझ्या प्लेलिस्टमध्ये कव्वाली. फ्लॅट पंधरा दिवसांनी दुसऱ्या कुणाला गेला आणि मी ते विसरूनही गेलो.

सातवी ओळ वाचल्यावर मी सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना गाठलं. असा काही नियम आहे का हो आपला? "छे, छे! ठराव वगैरे काही नाही," काका म्हणाले. "मला काही प्रॉब्लेम नाही, पण ओनर लोकांनाच नको असतं ना." ब्रोकर म्हणतो सोसायटीला नको. सोसायटी म्हणते ओनरला नको. ओनर म्हणतो सोसायटीला विचारा. नकार कुणीच देत नाही, तरी घर मिळत नाही. कसली सॉलिड सिस्टीम आहे बघा!

१९१७, बडोदा

ही सिस्टीम काही आयटी पार्कबरोबर आलेली नाही. १९१७ मध्ये एक तरुण प्रोफेशनल नव्या नोकरीसाठी बडोद्याला आला. वय २६, शिक्षण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनला. नाव भीमराव आंबेडकर. गावात राहायला जागा मिळेना, म्हणून त्यांनी पारशी असल्याचं सांगून एका पारशी विश्रामगृहात खोली घेतली. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. संध्याकाळपर्यंत खोली सोडा!

पुढचा भाग त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवलाय. ते एका हिंदू मित्राकडे गेले. त्याला वाईट वाटलं, पण तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील, असं त्याचं म्हणणं पडलं. मग ख्रिश्चन मित्राकडे. त्याला बायकोला विचारायचं होतं. आंबेडकर काय ते समजले आणि मुंबईची गाडी पकडून परतले.

दोघंही मित्र वाईट नव्हते. दोघांनाही 'काही प्रॉब्लेम नव्हता'. आणि माझं 'सोसायटीला विचारून बघा' त्यांच्या उत्तरांपेक्षा किती वेगळं होतं?

आपली वेळ आली की...

सप्टेंबर २०२३ आठवतोय? मुलुंडमध्ये ऑफिससाठी जागा बघायला गेलेल्या एका मराठी महिलेला 'इथे महाराष्ट्रीयन चालत नाहीत' असं ऐकवण्यात आलं. तिचा व्हिडिओ व्हायरल झाला आणि अख्खा महाराष्ट्र पेटला. पेटायलाच हवं होतं. आपल्याच राज्यात आपल्याला कुणी असं म्हणतंच कसं?

पण तोच राग शेजारच्या रिकाम्या फ्लॅटपाशी आला की थंड का होतो? आडनाव विचारून जात हुंगणारे आपणच. एकटी मुलगी म्हटलं की 'जबाबदारी नको' म्हणणारेही आपणच. आपल्याला नाकारलं की तो अन्याय आणि आपण नाकारलं की ती 'सोसायटीची पॉलिसी'!

हे फक्त माझ्या मित्राचं रडगाणं नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिमांना घर विकत किंवा भाड्याने मिळताना येणाऱ्या अडचणींची नोंद आहे. २०१२ मध्ये अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत एक साधा प्रयोग केला. त्याच घरांसाठी वेगवेगळ्या नावांनी चौकशी करायची. उच्चवर्णीय हिंदू नावांना जवळपास सगळीकडे हो मिळालं. दलितांना नकार बरेच मिळाले आणि मुस्लिमांना त्याहून जास्त.

कायदा काय म्हणतो?

इथे शॉक बसतो. राज्यघटनेचं कलम १५ सरकारला भेदभाव करायला बंदी करतं आणि दुकानं, हॉटेलं, विहिरी सगळ्यांना खुल्या करतं. खासगी मालकाच्या भाड्याच्या फ्लॅटचं नाव त्या यादीत नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने तर सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारा उपविधी वैध ठरवला.

मग आपल्याकडे असा कायदा जमणारच नाही का? जमतो की! एचआयव्ही असलेल्या व्यक्तीला त्या कारणाने घर नाकारायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. ट्रान्सजेंडर व्यक्तींना २०१९ च्या कायद्याने तेच संरक्षण दिलं. धर्म, लग्न झालंय की नाही, ताटात काय आहे, यासाठी मात्र भाड्याच्या घरांपुरता असा थेट कायदा देशात नाही. भेदभावविरोधी एक खासगी विधेयक २०१७ मध्ये शशी थरूर यांनी लोकसभेत मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही.

अमेरिकेत असा कायदा १९६८ पासून आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात त्यावर सही झाली. पण 'माझं घर, माझी मर्जी' याचं काय? मालक स्वतः राहत असलेल्या, चार घरांपर्यंतच्या छोट्या इमारतीला तो कायदा बरीच सूट देतो. पण 'अमुक लोक नकोत' अशी जाहिरात करायची मुभा त्या मालकालाही नाही.

खरा फंडा मात्र अंमलबजावणीत आहे. मॉलमधले 'मिस्टरी शॉपर' माहितीयेत ना? तिथे घरांसाठीही तसंच करतात. सारखा पगार, सारखी नोकरी, वेगळा वंश, अशा दोघांना एकाच घराची चौकशी करायला पाठवतात. एकाला 'रिकामं आहे' आणि दुसऱ्याला 'आत्ताच गेलं' असं सांगितलं की पुरावा तयार! असं खोटं ऐकवलेल्या तपासनिसाला स्वतः दावा लावता येतो, हे तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्येच मान्य केलंय. न्यूयॉर्क शहराच्या मानवी हक्क आयोगातर्फे अशा चाचण्या होतात. कोण कुठे राहतं, कुणाला कुठे राहता येत नाही आणि त्यावर शहर काय करणार, याचा एक आराखडाही न्यूयॉर्कने २०२० मध्ये जाहीर केला.

तिथेही सगळं गोड नाही. शहरांना अशी आखणी करायला लावणारा २०१५ चा केंद्रीय नियम २०२० मध्ये गेला, २०२१ मध्ये अर्धवट परतला आणि २०२५ मध्ये पुन्हा रद्द झाला. पण निदान तक्रार कुठे करायची, हा प्रश्न तिथे पडत नाही. आपल्याकडे पालिका रस्त्यांचा विकास आराखडा काढते. एखाद्या नावाला शहराच्या किती भागांत घर मिळत नाही, हे मोजायचं काम कुणाकडेच नाही.

तोवर आपण काय करायचं?

फ्लॅट तुमचा असेल तर: ब्रोकरला आधीच लिहून कळवा की नाव, धर्म, जात, ताट यावरून कुणालाही परत पाठवायचं नाही. नोकरी बघा, जुना भाडेकरार बघा, पोलिसांना माहिती द्या, करार रजिस्टर करा. तो रजिस्टर करायची जबाबदारी कायद्याने मालकाचीच आहे.

सोसायटी आड येत असेल तर: उपविधी मागा आणि वाचा. महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीला आधी कळवायचं असतं, कराराची प्रत द्यायची असते. परवानगी मागायची नसते. बिनभोगवटा शुल्कही सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही.

मित्राला घर मिळत नसेल तर: शीट वाचून हसू नका. त्याच घरासाठी तुमच्या नावाने फोन करा. उत्तर बदललं तर ते लिहून ठेवा आणि मालकापर्यंत पोचवा. कित्येक मालकांना आपल्या नावावर कोण कुणाला नाही म्हणतंय, याचा पत्ताच नसतो.

माझ्या मित्राने शेवटी कोंढव्यात घर घेतलं. हिंजवडीला जाऊन-येऊन रोज तीन तास. परवा कँटीनमध्ये कुणीतरी सहज म्हणालं, "हे लोक आपापल्यातच का राहतात रे?" मित्राने नुसतं माझ्याकडे बघितलं. या वेळी आम्ही कुणीच हसलो नाही.

पुढच्या महिन्यात माझा वाकडचा फ्लॅट पुन्हा रिकामा होतोय. मित्राला विचारलं, तर म्हणाला, "आता डिपॉझिट भरलंय रे, पुढच्या वर्षी बघू." बरोबरच आहे त्याचं. उशीर मी केलाय. काल ब्रोकरला मेसेज टाकला, "कुणीही चालेल. नाव बघून नाही म्हणायचं नाही."

त्याचा लगेच रिप्लाय, "सर, नक्की ना? तुम्हाला काही प्रॉब्लेम नाही?"

म्हटलं, "नाही. आणि या वेळी पुढे 'पण' पण नाही."